पाच गुंजा सोनं: संधिवाताचं जुनं औषध कर्करोगाच्या प्रयोगशाळेत

ऑरानोफिनची एक कॅप्सूल ३ मिलिग्रॅमची असते. या औषधाच्या रेणूच्या वजनात सोन्याचा वाटा २९ टक्के, म्हणजे एका कॅप्सूलमध्ये ०.८७ मिलिग्रॅम सोनं. संधिवाताच्या रुग्णाचा नेहमीचा डोस रोज ६ मिलिग्रॅम. त्या हिशेबाने वर्षभरात पोटात साधारण ६३५ मिलिग्रॅम सोनं जातं. सराफाच्या जुन्या मापात ते पाच गुंजांहून थोडं जास्त भरतं. त्यातलं आतड्यातून अंगात शिरतं पाव हिस्सा, म्हणजे सव्वा गुंज. बाकीचं शौचावाटे बाहेर.

एवढ्याशा सोन्यामागे कर्करोगाच्या प्रयोगशाळा गेली चार दशकं लागल्या आहेत. प्रयोगाच्या बशीत हे औषध कर्कपेशी झटपट मारतं. तरीही आजवर एकाही कर्करोगावर त्याला मान्यता मिळालेली नाही. या दोन गोष्टींमध्ये जे काही आहे ते समजलं, की सूज उतरवणारी धातूंची बाकीची औषधंही समजतात: प्लॅटिनमला ॲस्पिरिन जोडलेली, तांब्याला इंडोमेथॅसिन हे सूज आणि वेदना कमी करणारं औषध जोडलेली. म्हणून इथे जास्त जागा सोन्याला दिली आहे.

आधी एक खुलासा. या लेखात संधिवात म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, ज्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. उतारवयात गुडघ्याची गादी झिजते, तो आजार वेगळा.

सोनं औषधात आलं कुठून

१८९० मध्ये रॉबर्ट कॉख यांनी दाखवलं, की सोन्याचं सायनाइड काचेच्या नळीत क्षयाच्या जंतूंची वाढ थांबवतं. क्षयाच्या रुग्णांना त्याचा काही उपयोग झाला नाही. पण संधिवात हा क्षयाचाच भाऊबंद असावा, असा तेव्हा समज होता. त्याच समजुतीतून फ्रान्समध्ये जाक फॉरेस्टिए यांनी संधिवाताच्या रुग्णांना सोन्याच्या क्षारांची इंजेक्शनं दिली आणि १९२९ मध्ये निष्कर्ष छापले. समजूत चुकीची होती, पण सांध्यांची सूज उतरली. पुढची पन्नासेक वर्षं सोन्याची इंजेक्शनं ही संधिवाताची नेहमीची ट्रीटमेंट होती.

तोंडाने घ्यायचं सोनं म्हणजे ऑरानोफिन. अमेरिकेत त्याला १९८५ मध्ये मान्यता मिळाली. पुढे संधिवातावर मेथोट्रेक्सेट हे औषध आलं आणि सोनं मागे पडलं. मेथोट्रेक्सेट जास्त भरवशाचं आहे आणि स्वस्तही, त्यामुळे यात हळहळण्यासारखं काही नाही.

सूज आणि गाठ यांचं नातं

गाठीत पांढऱ्या पेशींची गर्दी असते, ही नोंद रुडॉल्फ फिरखॉ यांनी १८६३ मध्येच करून ठेवली होती. जिथे दाह वर्षानुवर्षं धुमसत राहतो तिथल्या पेशी सतत मरतात आणि सतत नव्याने विभागतात. प्रत्येक विभाजनात डीएनएची नक्कल चुकण्याची संधी असते. शिवाय दाह पेटवणारे संदेश पेशीला ‘वाढ, मरू नकोस’ हेच सांगत असतात. एनएफ-कप्पा-बी नावाचं एक प्रथिन या संदेशांचं मोठं बटण आहे. सीओएक्स-२ हे प्रोस्टाग्लँडिन बनवणारं एन्झाइम त्याच्या हाताखाली चालतं.

माणसांमधला ठोस पुरावा मात्र साध्या ॲस्पिरिनचा आहे आणि तोही ठराविक लोकांपुरता. लिंच सिंड्रोम या आनुवंशिक दोषात मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका खूप असतो. अशा लोकांना रोज ६०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन सुमारे दोन वर्षं दिलं, तर पुढच्या काही वर्षांत त्यांच्यात कर्करोग कमी झाले. २०११ मध्ये हे प्रसिद्ध झालं. याची दुसरी बाजूही आहे. रोफेकॉक्सिब हे सीओएक्स-२ रोखणारं औषध २००४ मध्ये जगभरातून मागे घ्यावं लागलं. त्याने हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका वाढतो, हे ज्या चाचणीत पक्कं झालं ती आतड्यातले कोंब (पॉलिप) रोखण्यासाठीच चालू होती. सूज कमी केली म्हणजे सगळं भलंच होतं, असं गृहीत धरणाऱ्याने ही चाचणी आठवावी.

सोन्याची पत्रिका कुणाशी जुळते

ऑरानोफिनच्या रेणूत मधोमध सोन्याचा एक अणू आणि त्याच्या दोन बाजूंना दोन सोबती. एका बाजूला फॉस्फरसचा गट, दुसऱ्या बाजूला गंधकातून जोडलेली ग्लुकोजसारखी साखर. या साखरेवर चार ॲसिटिल गट चढवले आहेत. त्यांच्यामुळे रेणू तेलकट होतो आणि आतड्याच्या भिंतीतून आत शिरू शकतो. जुन्या सोन्याच्या क्षारांना हे जमत नव्हतं, म्हणून त्यांची इंजेक्शनं द्यावी लागत.

या अवस्थेतल्या सोन्याला ऑक्सिजन किंवा नायट्रोजनशी फारसं देणंघेणं नसतं. त्याला गंधक आवडतं आणि गंधकाहून जास्त सेलेनियम. रसायनशास्त्रात याला मऊ-मऊ जोडी म्हणतात: मोठे, सहज आकार बदलणारे अणू एकमेकांना घट्ट धरतात. पत्रिका जुळली म्हणा. शरीरात गंधक सगळीकडे आहे. सेलेनियम मात्र मोजक्याच ठिकाणी आहे: माणसाच्या शरीरात सेलेनियम असलेली प्रथिनं जेमतेम पंचवीस प्रकारची.

त्यातलं एक म्हणजे थायोरेडॉक्सिन रिडक्टेज, थायोरेडॉक्सिन या छोट्या प्रथिनाला इलेक्ट्रॉन देऊन कामाला लावणारं एन्झाइम. या एन्झाइमची अमिनो आम्लांची साखळी जिथे संपते तिथे शेवटून दुसरा मणी सेलेनोसिस्टीनचा (सेलेनियम असलेल्या अमिनो आम्लाचा) असतो आणि त्याच्या अलीकडचा सिस्टीनचा (त्याच्यासारख्याच, पण गंधक असलेल्या अमिनो आम्लाचा). ही शेपटी लवचीक आहे, एन्झाइमच्या बाहेर डोकावते. साध्या सिस्टीनमधलं गंधक शरीराच्या नेहमीच्या पीएचला बहुतांशी हायड्रोजन धरून बसलेलं असतं. सेलेनोसिस्टीनचा पीकेए (ज्या पीएचला निम्म्या रेणूंचा हायड्रोजन निघालेला असतो तो आकडा) ५.२ च्या आसपास, त्यामुळे त्याचा हायड्रोजन आधीच निघालेला असतो. म्हणजे एक ऋणभारित, मोठा, मऊ अणू शेपटीच्या टोकाला उघडा उभा आहे आणि शेजारून सोनं चाललंय. सोनं तिथे चिकटतं. चिकटलं की सहज सुटत नाही.

१९९८ मध्ये मानवी नाळेतून हे एन्झाइम काढून मोजमाप झालं, तेव्हा ऑरानोफिनचा रोधांक (जितका लहान, तितक्या थोड्या औषधाने एन्झाइम थांबतं) ४ नॅनोमोलर आला. ग्लुटाथिओन रिडक्टेज हे त्याच घराण्यातलं, पण सेलेनियम नसलेलं एन्झाइम थांबवायला कितीतरी पट जास्त औषध लागतं. फरक त्या एका अणूचा.

थायोरेडॉक्सिन रिडक्टेज बंद पडलं की काय होतं? पेशीत ऑक्सिजनचा वापर होताना हायड्रोजन पेरॉक्साइडसारखे तिखट पदार्थ सतत तयार होतात. ते निस्तरणाऱ्या दोन यंत्रणा आहेत, एक थायोरेडॉक्सिनची आणि दुसरी ग्लुटाथिओन या गंधक असलेल्या छोट्या रेणूची. डीएनएसाठी लागणारे तुकडे बनवणाऱ्या एन्झाइमलाही थायोरेडॉक्सिन इलेक्ट्रॉन पुरवतं. निरोगी पेशीत तिखटपणा कमी आणि शिल्लक भरपूर. कर्कपेशीचा कारभार मात्र आधीच ओढाताणीचा असतो: उत्पन्नापेक्षा खर्च जास्त, सगळं उधारीवर. अशा दुकानाचा एक सावकार काढून घेतला तर दिवाळं निघतं. शेजारचं सुस्थितीतलं दुकान तोच धक्का पचवतं. कर्करोगावर सोनं वापरण्याची सगळी मांडणी या फरकावर उभी आहे.

संधिवातात सोनं का चालतं, याचा एक धागाही इथेच सापडतो. एनएफ-कप्पा-बीचं बटण दाबणाऱ्या आयकेके या एन्झाइममध्ये १७९ व्या जागी एक सिस्टीन आहे. सोनं त्यावर बसलं की बटण दबत नाही आणि टीएनएफ, इंटरल्युकिन-६ यांसारखे सूज वाढवणारे संदेश कमी होतात. म्हणजे सूज उतरणं आणि कर्कपेशी मरणं ही एकाच सवयीची दोन फळं आहेत. सवय एवढीच, की दिसेल तो गंधक-सेलेनियमचा हात धरायचा. गोची इथेच आहे. असे हात धरायला शरीरात खूप आहेत.

बशीतलं सोनं आणि रक्तातलं सोनं

हेला पेशींची (प्रयोगशाळेत नेहमी वाढवल्या जाणाऱ्या कर्कपेशींची) वाढ ऑरानोफिनने खुंटते, हे १९७९ मध्येच प्रसिद्ध झालं होतं. १९८५ मध्ये उंदरांवर नीट पाहणी झाली. पी-३८८ या रक्ताच्या कर्करोगाच्या पेशी उंदराच्या पोटाच्या पोकळीत सोडल्या आणि औषधही त्याच पोकळीत टोचलं, तर उंदीर जास्त जगले. दुसऱ्या मार्गाने औषध दिलं तर फायदा दिसला नाही आणि तपासलेल्या इतर गाठींवरही चाललं नाही. पोकळीत पेशी आणि पोकळीतच औषध, ही जवळजवळ बशीच झाली. फक्त भिंती कातडीच्या.

रक्तात गेल्यावर काय बिघडतं, ते आकड्यांतच पाहू. रोज ६ मिलिग्रॅम घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तात सुमारे तीन महिन्यांनी सोन्याची पातळी स्थिरावते: सरासरी ०.६८ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर. सोन्याचा अणुभार १९७, म्हणजे हे झाले साधारण ३.५ मायक्रोमोलर (एक मायक्रोमोलर म्हणजे हजार नॅनोमोलर). प्रयोगाच्या बशीत बऱ्याच कर्कपेशी एक-दोन मायक्रोमोलरलाच मरतात. मग अडलं कुठे? अनेक शोधनिबंधांच्या शेवटी हाच हिशेब मांडून ‘ही पातळी रुग्णात गाठता येते’ असं लिहिलेलं असतं. वाक्य खरं आहे, पण त्यातला ‘ही’ फसवा आहे.

३.५ मायक्रोमोलर ही सोन्याची पातळी आहे, ऑरानोफिनची नव्हे. अख्खं ऑरानोफिन रुग्णाच्या रक्तात आजवर सापडलेलंच नाही. ॲसिटिल गट शोषणाच्या वाटेवरच गळू लागतात. रक्तात अल्ब्युमिन या प्रथिनाच्या ३४ व्या जागी एक मोकळं सिस्टीन असतं, ते साखरेला हुसकावून सोन्याचा हात धरतं. मग फॉस्फरसचा गटही निघून ऑक्साइड होऊन जातो. रक्तातल्या सोन्यापैकी साधारण ६० टक्के सीरममधल्या प्रथिनांना चिकटलेलं असतं आणि ४० टक्के तांबड्या पेशींसोबत फिरतं. गाठीपर्यंत पोचतं ते हात बदलत बदलत आलेलं सोनं.

आता बशी पाहा. पेशी वाढवायच्या द्रावणात नेहमी १० टक्के वासराचं सीरम घालतात. त्यातून येणारं अल्ब्युमिन साधारण ३५ मायक्रोमोलर. माणसाच्या रक्तात ते लिटरला ४० ग्रॅम, म्हणजे ६०० मायक्रोमोलर. सोनं पकडून ठेवणारा स्पंज रक्तात सतरा पट मोठा आहे. तेच औषध, त्याच पेशी, पण सीरम वाढवलं की मारण्यासाठी लागणारी मात्रा वाढते. हा प्रयोग करायला दोन दिवस जास्तीचे लागतात. तो केलेला नसेल तर बाकीच्या आलेखांवर फार जीव टाकू नये.

डोस वाढवून भागत नाही का? ६ मिलिग्रॅमवर जवळजवळ निम्म्या रुग्णांना शौचास पातळ होतं. ९ मिलिग्रॅम ही संधिवातातली वरची मर्यादा. गंमत म्हणजे आतड्यातच राहून जाणारं तीन चतुर्थांश सोनं दुसऱ्या कामाला येईल असं दिसतंय. आमांशाच्या अमीबावर ते चालतं, हे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं.

माणसांवर चाचण्या झाल्या नाहीत असं नाही. अमेरिकेत कॅन्सस विद्यापीठाच्या सहभागाने क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगावर, मेयो क्लिनिकमध्ये सायरोलिमस या दुसऱ्या औषधासोबत फुप्फुसाच्या कर्करोगावर, आणि मेंदूच्या ग्लिओब्लास्टोमावर नऊ जुन्या औषधांच्या एका मिश्रणात ऑरानोफिन वापरून पाहिलं गेलं. एकट्या सोन्यावर भिस्त ठेवण्यापेक्षा जोडीने देण्याकडे आता कल आहे. कारण थायोरेडॉक्सिनची वाट अडवली की पेशी ग्लुटाथिओनच्या वाटेने निसटते. दोन्ही वाटा एकदम अडवल्या तरच कोंडी होते. मात्र मग निरोगी पेशीही कोंडीत सापडतात, आणि जोडीचा डोस बसवताना सगळा वेळ त्यातच जातो.

प्रयोगात काय काय चुकतं

धातूंची संयुगं नेहमीच्या औषधांसारखी वागत नाहीत, आणि नेहमीच्या चाचण्या त्यांच्यासाठी बेतलेल्या नाहीत. किती पेशी जगल्या हे पाहायला सगळ्यात वापरात असलेली चाचणी एमटीटी या रंगद्रव्याची. ९६ खळगे असलेल्या प्लेटमध्ये प्रत्येक खळग्यात पाचेक हजार पेशी, त्या चिकटायला एक दिवस, मग औषध घालून ७२ तास. नंतर पिवळं एमटीटी घालून तीन-चार तास थांबायचं. जिवंत पेशी त्याचे जांभळे स्फटिक करतात. ते विरघळवून ५७० नॅनोमीटरला किती प्रकाश शोषला जातो ते मोजायचं.

पहिला घोळ विरघळवण्यात. पाण्यात न विरघळणारं काहीही डीएमएसओ या द्रावकात विरघळवायचं, ही हाताला लागलेली सवय. सिसप्लॅटिन हे कर्करोगावरचं प्लॅटिनमचं औषध डीएमएसओत टाकलं की डीएमएसओचं गंधक प्लॅटिनमवरच्या क्लोराइडची जागा घेतं आणि आपण भलत्याच संयुगाची चाचणी करत बसतो. सिसप्लॅटिन मिठाच्या पाण्यातच विरघळवायचं. नर्सिंगमध्येही असाच एक नियम आहे: सिसप्लॅटिन देताना ॲल्युमिनियमचा भाग असलेली सुई किंवा सेट चालत नाही, ॲल्युमिनियम प्लॅटिनमला क्षारातून बाहेर काढतं आणि काळा साका बसतो.

दुसरा घोळ रंगाचा. तांब्याची संयुगं मुळात निळी-हिरवी असतात. काही संयुगं पेशी नसतानाही एमटीटी जांभळं करतात. म्हणून पेशींविना फक्त औषध घातलेले खळगे ठेवावे लागतात. ते नसले की मेलेल्या पेशी जिवंत मोजल्या जातात.

तिसरा घोळ एन-ॲसिटिलसिस्टीनचा, आणि तो चांगल्या लोकांच्या हातूनही होतो. औषध पेशीतला तिखटपणा वाढवून मारतंय हे सिद्ध करायला आधी एन-ॲसिटिलसिस्टीन हे अँटिऑक्सिडंट घालतात. पेशी वाचल्या की सिद्ध झालं म्हणतात. पण एन-ॲसिटिलसिस्टीनमध्ये स्वतःचं मोकळं गंधक आहे. ते सोन्याचा हात पेशीबाहेरच धरतं. पेशी वाचल्या त्या विष आत शिरलंच नाही म्हणून, की आतला तिखटपणा शमला म्हणून, हे त्या प्रयोगातून कळत नाही. औषध घालून, द्रावण धुऊन काढून, मग एन-ॲसिटिलसिस्टीन घातलं तर काही तरी बोलता येतं.

चौथा मुद्दा जोडीच्या औषधांचा. धातू अधिक सूज उतरवणारं औषध असं संयुग असेल, तर चार रांगा हव्यात: नुसता धातूचा क्षार, नुसतं औषध, दोन्हींचं साधं मिश्रण, आणि मग संयुग. मिश्रण आणि संयुग यांचा निकाल सारखाच आला तर संयुग द्रावणातच सुटून जातंय. मेहनत करून बांधलेली मोट पाण्यात पडताच उसवली.

प्लॅटिनमला ॲस्पिरिन

सिसप्लॅटिनचा गुण बार्नेट रोझेनबर्ग यांच्या प्रयोगशाळेत योगायोगाने सापडला. मिशिगनमध्ये जिवाणूंवर विजेच्या क्षेत्राचा परिणाम पाहताना प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडमधून झिरपलेल्या संयुगाने जिवाणूंचं विभाजन थांबलं; १९६५ मध्ये हे छापून आलं. अमेरिकेत औषध म्हणून मान्यता १९७८ ची. आजही ते वृषण, अंडाशय, फुप्फुस, डोकं-मान यांच्या कर्करोगात रोज वापरलं जातं. मूत्रपिंड, कान आणि मज्जातंतू यांना ते इजा करतं.

सिसप्लॅटिनमधलं प्लॅटिनम सपाट चौकोनात चार सोबती धरतं. त्याचं ऑक्सिडीकरण केलं की वर आणि खाली आणखी दोन जागा तयार होतात. या जागांवर हवं ते औषध बसवायचं. पेशीत व्हिटॅमिन सी आणि ग्लुटाथिओन प्लॅटिनमला पुन्हा मूळ स्थितीत आणतात, वरचे-खालचे सोबती सुटतात आणि आत सिसप्लॅटिन उरतं. २०१४ मध्ये अशा एका जागी ॲस्पिरिन बसवलेलं संयुग दोन गटांनी वेगवेगळं प्रसिद्ध केलं, एक चीनमधला आणि दुसरा अमेरिकेत जॉर्जिया विद्यापीठातला शांता धर यांचा. धर यांची पीएचडी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतली.

कल्पना देखणी आहे. हिशेब करून पाहू. सिसप्लॅटिनचा एक प्रचलित डोस अंगाच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला ७५ मिलिग्रॅम, तीन आठवड्यांतून एकदा. १.६ चौरस मीटरच्या माणसाला १२० मिलिग्रॅम, म्हणजे ०.४ मिलिमोल. एका प्लॅटिनमला एक ॲस्पिरिन, तेव्हा ॲस्पिरिनही ०.४ मिलिमोल, म्हणजे ७२ मिलिग्रॅम. हृदयरोगी रोज घेतात त्या ७५ च्या एका गोळीएवढं ॲस्पिरिन, तेही तीन आठवड्यांतून एकदा. अंगभर सूज कमी करायला हे कुठे पुरणार? रासायनिक बंधनात प्रमाण गोठलेलं असतं. प्लॅटिनमचा डोस विषारीपणा ठरवतो आणि ॲस्पिरिनला त्याच्या मागे फरफटत जावं लागतं.

बाजूने बोलायचं तर ॲस्पिरिन रक्तात पंधरा-वीस मिनिटांतच अर्धं होतं. ते थेट कर्कपेशीच्या आत सुटलं तर थोडं ॲस्पिरिनही तिथल्या सीओएक्स-२ ला पुरू शकतं. म्हणून अशा संयुगाच्या बाबतीत एकच प्रश्न विचारण्याजोगा आहे: ते रक्तात किती वेळ अखंड राहतं? रक्तातच सुटणार असेल तर सिसप्लॅटिनच्या सलाइनसोबत ॲस्पिरिनची गोळी दिली काय आणि हे दिलं काय, सारखंच.

तांबं

ऑस्ट्रेलियात घोडे आणि कुत्र्यांच्या सांधेदुखीवर तांब्याचं इंडोमेथॅसिन वापरलं गेलं. नुसतं इंडोमेथॅसिन कुत्र्याच्या आतड्याला फार लागतं, जखमा होतात. तांब्यासोबत ते सोसवतं. रचना चिनी कंदिलासारखी: मधे तांब्याचे दोन अणू आणि भोवती इंडोमेथॅसिनचे चार रेणू. जठरातल्या आम्लात हा कंदील मोडतो, त्यामुळे औषध कशात कालवून देतात यावर बरंच अवलंबून असतं. सिडनी विद्यापीठात या संयुगांवर पुष्कळ काम झालं आहे.

इथेही प्रमाणाचा हिशेब आहे. दोन इंडोमेथॅसिनमागे एक तांबं. माणसाला दिवसाला १०० मिलिग्रॅम इंडोमेथॅसिन या रूपात द्यायचं तर त्यासोबत जवळपास ९ मिलिग्रॅम तांबं जाईल. प्रौढ माणसाची रोजची गरज ०.९ मिलिग्रॅम, सुरक्षित मानलेली वरची मर्यादा १० मिलिग्रॅम. दहापट तांबं, रोज. विल्सनच्या आजारात, जिथे शरीराला जास्तीचं तांबं बाहेर टाकता येत नाही, तर हे विषच.

२०१६ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजमधून तांबं, इंडोमेथॅसिन आणि फेनँथ्रोलिन (धातूला धरून ठेवणारा एक रेणू) यांचं संयुग स्तनाच्या कर्करोगाच्या मूळपेशींवर चालतं असं आलं. वाचताना हे लक्षात ठेवावं, की फेनँथ्रोलिन आणि तांबं ही जोडी एकटीच डीएनए कापते. १९७९ पासून ते ठाऊक आहे. इंडोमेथॅसिनचा वाटा किती, हे वर सांगितलेल्या चार रांगांवरूनच कळतं.

महाराष्ट्रातली बातमी म्हणून वाचकांना आठवेल ती फेब्रुवारी २०२४ मधली, कर्करोग परतणं थांबवते म्हणून गाजलेल्या शंभर रुपयांच्या गोळीची. खारघरमध्ये टाटा मेमोरियलच्या संशोधन केंद्रात डॉ. इंद्रनील मित्रा यांच्या गटाने द्राक्षाच्या सालीत असणारं रेस्व्हेरॅट्रॉल आणि अत्यल्प तांबं यांच्यावर काम केलं. मरणाऱ्या पेशींतून बाहेर पडणारे क्रोमॅटिनचे (डीएनए आणि त्याच्या प्रथिनांचे) कण दाह वाढवतात आणि कर्करोग पसरवतात. रेस्व्हेरॅट्रॉल-तांब्यातून तयार होणारे ऑक्सिजनचे मूलक ते कण नष्ट करतात, अशी त्यांची मांडणी. कर्करोग परतणं थांबतं, हा मथळ्यातला भाग मुख्यतः उंदरांवरच्या प्रयोगांवर टेकलेला होता. माणसांवरचे छोटे अभ्यास प्रामुख्याने केमोचा त्रास कमी होतो का, याचे आहेत. या दोन दाव्यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे आणि बातम्यांनी ते पुसून टाकलं.

आणि हातातलं तांब्याचं कडं? २०१३ मध्ये इंग्लंडमध्ये ७० संधिवाताच्या रुग्णांवर रीतसर तुलना झाली. वेदना, सूज, आजाराची तीव्रता, कशातही फरक पडला नाही. तांब्याच्या भांड्यातलं पाणी प्यावं, त्यात काही वाईट नाही. त्याचा या लेखातल्या संयुगांशी संबंध नाही.

भस्म, रिपोर्ट आणि उरलेलं सोनं

हे सगळं वाचून कुणी सुवर्णभस्माकडे वळत असेल, तर एक फरक नीट सांगायला हवा. सुवर्णभस्मात बहुतांश धातुरूप सोन्याचे अतिसूक्ष्म कण असतात, म्हणजे ज्याने एकही इलेक्ट्रॉन गमावलेला नाही असं सोनं. ऑरानोफिनमधल्या सोन्याने एक इलेक्ट्रॉन गमावलेला आहे, आणि म्हणूनच ते सेलेनियमकडे धावतं. ऑरानोफिनच्या निकालांवरून भस्माबद्दल काहीही सिद्ध होत नाही, बाजूनेही नाही आणि विरुद्धही नाही. केमो चालू असताना घरच्यांनी आणलेली भस्मं किंवा रसौषधी घेत असाल तर ते ऑन्कॉलॉजिस्टला सांगा आणि डबीच दाखवा. प्लेटलेट पडल्या किंवा मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन चढलं तर कशामुळे, हे शोधताना डॉक्टरांच्या हातात ती डबी असलेली बरी.

ऑरानोफिन घेणाऱ्याला सुरुवातीला आणि नंतर किमान महिन्याला एकदा रक्ताची पूर्ण तपासणी, प्लेटलेट आणि लघवीतलं प्रथिन पाहावं लागतं. पांढऱ्या पेशी ४,००० च्या खाली, प्लेटलेट दीड लाखाच्या खाली, लघवीत प्रथिन किंवा रक्त, तोंडात फोड, अंगाला खाज, न थांबणारे जुलाब: यातलं काहीही दिसलं तर सोनं विषारी ठरतंय असं धरून डॉक्टरांना कळवायचं. कर्करोगाच्या रुग्णाची अडचण इथे लगेच दिसते. केमोमुळे त्याच्या पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट आधीच खाली असतात, तोंड आलेलं असतं, जुलाब चालू असतात. सोन्याचा त्रास कोणता आणि केमोचा कोणता, हे रिपोर्टवरून वेगळं काढता येत नाही.

त्यातच सोनं लवकर जात नाही. औषध बंद केल्यावर अंगातलं सोनं अर्धं व्हायला सरासरी ८० दिवस लागतात. कुणाला ४२, तर कुणाला १२८. पुरळ उठलं म्हणून आज गोळी थांबवली तरी अडीच महिन्यांनी निम्मं सोनं अंगातच असतं आणि वर्षानंतरही शंभरातले चार भाग उरतात. म्हणून चाचणीत रुग्णाला सोन्यावरून दुसऱ्या औषधावर घेताना मधे किती आठवडे थांबायचं, हे प्रोटोकॉल लिहितानाच ठरवून टाकावं लागतं.